रजिस्टरात लग्न सापडत नाही? स्कॉटलंडमध्ये ते दुसरीकडे शोधावं लागतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या यजमानांचे पणजोबा स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातून जी.आय.पी. रेल्वेत फिटर म्हणून मुंबईला आले आणि इथेच राहिले. त्यांच्या १८४७ सालच्या बाप्तिस्म्याची नोंद तुम्हाला एका मोफत सूचीत मिळाली, आईवडिलांची नावंही कळली. पण त्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद ना त्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला भाग म्हणजे पॅरिश) आहे, ना शेजारच्या दोन पॅरिशमध्ये. घरात कुणीतरी म्हणालं की लग्न झालंच नसणार. हे खरं मानायचं की अजून कुठे बघता येईल, असं तुम्ही विचारलंय.

अजून पुष्कळ ठिकाणी बघता येईल. आणि केवळ नोंद नाही म्हणून लग्न नाही, हा निष्कर्ष तर मुळीच काढू नका. जुन्या स्कॉटलंडमध्ये लग्न वैध ठरायला नोंद लागतच नव्हती. हे एकदा नीट समजलं की तुमचा शोध सरळ मार्गाला लागेल, म्हणून त्यावर जरा वेळ देतो.

स्कॉटलंडचा कायदा तेव्हाही इंग्लंडपेक्षा वेगळा होता, आजही आहे. इंग्लंडमध्ये १७५४पासून असा नियम झाला की जाहीर पुकारा करून (म्हणजे लग्न करणाऱ्यांची नावं चर्चमध्ये आधी वाचून) किंवा परवाना काढून, चर्चमध्ये, धर्मगुरूसमोर लागलेलं लग्नच खरं. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे जुनं तत्त्व टिकून राहिलं: लग्न होतं ते दोघांच्या संमतीनं. लग्नाला मोकळे असलेले दोघे एकमेकांना म्हणाले की आजपासून आपण नवराबायको, की ते नवराबायको. पाद्री नको, चर्च नको, आईवडिलांची परवानगीही नको. साक्षीदार असले तर पुढे सिद्ध करायला सोपं, एवढंच त्यांचं काम. लग्नाचं वचन देऊन त्या भरवशावर शरीरसंबंध आला, तरी त्यातून लग्न उभं राहू शकत असे. आणि वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या, गावानं नवराबायको मानलेल्या जोडप्याचा संसारही कायदा लग्न म्हणून धरत असे. पहिले दोन प्रकार १९४० साली बंद झाले. तिसरा तर २००६पर्यंत चालू होता.

अशा लग्नांना 'अनियमित' म्हणत, पण अनियमित म्हणजे बेकायदा नव्हे. चर्चला ती खपत नसत, पण कायद्याला पूर्ण मान्य असत. त्यातून झालेली मुलं औरस. इतकंच काय, मूल आधी झालं आणि आईवडिलांनी नंतर लग्न केलं, तरी ते मूल औरस ठरे. इंग्लंडमध्ये ही सोय १९२६पर्यंत नव्हती.

ग्रेटना ग्रीनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडमधून पळून आलेली जोडपी सीमा ओलांडताच लागणाऱ्या या गावात लग्न करायची, ती याच कायद्याच्या जोरावर. पूर्वेकडे कोल्डस्ट्रीम आणि लॅम्बर्टन इथेही हेच चाले. १८५६च्या कायद्यानं अट घातली की दोघांपैकी एकाचं तरी राहणं स्कॉटलंडमध्ये असावं, किंवा त्यानं लग्नाआधी तिथे २१ दिवस काढलेले असावेत. तेव्हा ही पळापळ बरीच आटली. पण ग्रेटनाच्या गोष्टींमुळे एक गैरसमज पसरलाय की अनियमित लग्नं म्हणजे इंग्लंडच्या पळपुट्या श्रीमंतांची. प्रत्यक्षात स्वतः स्कॉटिश विणकर, शेतमजूर, शिपाई, मोलकरणी अशी लग्नं सर्रास करत. चर्चमध्ये पुकारा करायला पैसे पडत, सगळ्या गावासमोर नावं वाचली जात, आणि मुलगी आधीच गरोदर असेल तर वडीलधाऱ्यांची बोलणी खावी लागत. एडिनबरासारख्या शहरात चार पैशांत लग्न लावून हातात चिठ्ठी देणारे लोक होते.

आता रजिस्टरकडे येऊ. १८५५च्या आधीची जी जुनी पॅरिश रजिस्टरं आहेत, ती चर्च ऑफ स्कॉटलंडची. नऊशेहून अधिक पॅरिशची ही रजिस्टरं टिकली आहेत. सर्वांत जुनं पर्थशरमधल्या एरल गावचं, १५५३चं. डोंगराळ भागात आणि बेटांवर मात्र काही पॅरिशची रजिस्टरं थेट एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. त्यातलं 'लग्न' म्हणजे बहुतेक वेळा लग्न नसतंच, तो पुकारा असतो. म्हणजे अमुक पॅरिशचा अमुक सुतार आणि तमुकची मुलगी यांनी लग्नासाठी नावं दिली, तीन रविवारी ती वाचली गेली, कुणी हरकत घेतली नाही, पैसे भरले. लग्न लागल्याची तारीख कधी पुढे लिहिलेली असते, कधी नसते. म्हणून नोंद आहे आणि लग्न मोडलं, असंही घडतं.

नवरा एका पॅरिशचा आणि नवरी दुसऱ्या पॅरिशची असेल तर पुकारा दोन्हीकडे होई. दोन्ही नोंदी शोधाच. एका ठिकाणी नुसती नावं असतात, दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. 'दोघेही याच पॅरिशचे' असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ त्या वेळी तिथे राहणारे, एवढाच. शेतगडी आणि मोलकरणी सहा महिन्यांच्या करारावर असत, मे आणि नोव्हेंबरमध्ये करार संपला की दुसऱ्या गावी जात. जन्मगाव त्यावरून ठरवलंत तर फसाल.

जुन्या काळी नावं देताना अनामतही ठेवावी लागे. ठरल्याप्रमाणे लग्न लागलं आणि नऊ महिन्यांच्या आत मूल जन्मलं नाही, तर पैसे परत. नाहीतर गरिबांच्या पेटीत जमा. त्यामुळे कधी कधी लग्नाचा एकमेव पुरावा चर्चच्या हिशेबाच्या वहीत असतो, अनामत परत केल्याची एक ओळ म्हणून. पेनी वेडिंग नावाची पद्धत होती, पाहुण्यांनी थोडे थोडे पैसे घालून जेवण, वाजंत्री आणि नव्या संसाराचा खर्च उचलायचा. आपल्याकडच्या आहेराचीच जात. त्या लग्नांत दारू आणि नाच फार होतो म्हणून चर्चनं बंधनं घातली, आणि बंधन मोडणाऱ्यांची नावंही वहीत उतरली.

तुमच्या जोडप्याचं लग्न १८४०च्या दशकातलं असणार, आणि तिथे आणखी एक मोठं कारण आहे. १८४३ साली चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. सुमारे साडेचारशे पाद्री एकदम बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झालं. त्यांच्या मागे गेलेल्या कुटुंबांच्या नोंदी जुन्या पॅरिश रजिस्टरात नसण्याची शक्यता भरपूर. त्याआधीपासूनच फुटून निघालेले इतर पंथ होते, कॅथलिक होते, बिशप मानणारे एपिस्कोपल होते. १८३४पासून इतर पंथांच्या पाद्र्यांनाही कायदेशीर लग्न लावता येऊ लागलं. पुकारा मात्र पॅरिश चर्चमध्येच करायचा होता. तो सगळ्यांनी केला नाही, आणि केलेला प्रत्येक पुकारा कारकुनानं लिहिलाही नाही. फाइफ हा विणकरांचा मुलूख, तिथे जुन्या चर्चबाहेरच्या पंथांचा जोर चांगलाच होता. शिवाय तुम्ही आणखी मागे जाल तेव्हा १७८३ ते १७९४ ही वर्षं लक्षात ठेवा. त्या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा सरकारी कर होता आणि कितीतरी लोकांनी नोंदच टाळली.

मग तुम्ही करायचं काय? सर्वांत आधी तो १८४७चा बाप्तिस्मा पुन्हा उघडा, आणि या वेळी सूची नको, मूळ पानाचं चित्र बघा. ते स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर मिळेल. खातं मोफत उघडता येतं, सूची शोधायला पैसे पडत नाहीत, पान बघायला थोडे पडतात. हे थोडे पैसे खर्च कराच. कारण मोफत सूचीत फक्त नावं आणि तारीख उतरवलेली असते, तर मूळ पानावर 'सन' किंवा 'चाइल्ड' या शब्दाच्या आधी एक विशेषण असू शकतं. तिथे 'लॉफुल' असेल, तर चर्चच्या मंडळानं त्या आईवडिलांना नवराबायको मानलेलं आहे, मग त्यांच्या लग्नाची नोंद कुठेही नसो. 'नॅचरल' असेल तर त्या दिवशी तरी लग्न मानलेलं नव्हतं. तुमच्या घरातल्या शंकेचं निम्मं उत्तर त्या एका शब्दात मिळेल. त्याच पानावर बापाचा धंदा आणि कधी कधी साक्षीदारांची नावं असतात. हे साक्षीदार बरेचदा काका-मामा असतात, तेही उतरवून घ्या.

त्यानंतरचं पाऊल माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली, आणि त्या दाखल्यांत जेवढी माहिती भरलेली असते तेवढी इंग्लंडच्या दाखल्यांत कधीच नसते. जन्माच्या दाखल्यात आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहायचा रकाना आहे. तो १८५५मध्ये होता, मग पाच वर्षं काढून टाकला, आणि १८६१पासून पुन्हा आला. तुमच्या पणजोबांचा जन्म १८४७चा, त्यामुळे त्यांचा असा दाखला नाही. पण त्यांना धाकटी भावंडं असतीलच की! १८५१, १८६१ आणि १८७१च्या जनगणनेत ते कुटुंब शोधा, मुलांची वयं बघा. १८६१ नंतर जन्मलेलं एखादं शेंडेफळ मिळालं, तर त्याचा जन्मदाखला काढा. तिथे आईनं किंवा बापानं स्वतः रजिस्ट्रारला सांगितलेली लग्नाची तारीख आणि गाव असेल. चर्चच्या पुस्तकात कधीच न उतरलेलं लग्नसुद्धा तिथे सापडतं. माझ्या कामात अडलेली प्रकरणं सर्वांत जास्त या धाकट्या भावंडांनी सोडवली आहेत. तारीख थोडी मागे ढकललेली असू शकते, पहिल्या मुलाला सांभाळून घेण्यासाठी. गाव मात्र सहसा खरं असतं.

जनगणनेबद्दल एक सूचना. १८४१च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात आणि जन्मगाव नसतं, फक्त त्याच परगण्यात जन्म की नाही एवढंच. १८५१पासून जन्माची पॅरिश मिळते. नवरीच्या जन्माची पॅरिश कळली की तिकडचा पुकारा तपासा. मुली माहेरच्या पॅरिशमध्ये नावं देत, आणि तुम्ही पाहिलेल्या तीन पॅरिश बहुधा नवऱ्याकडच्या आहेत.

मृत्यूचे दाखलेही सोडू नका. १८५५ नंतर कधीही मेलेल्या माणसाच्या दाखल्यात त्याच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. म्हणजे १७८०मध्ये जन्मलेली बाई १८६०मध्ये गेली, तर एका कागदावर तुम्ही थेट अठराव्या शतकात पोचता. अर्थात माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल तर चुका धरून चाला. सही कुणाची आहे ते बघूनच किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

माहेरच्या आडनावाचा मुद्दा मराठी माणसानं विशेष लक्षात घ्यायला हवा. आपण लग्नानंतर बाईचं आडनाव, पूर्वी तर नावही बदललेलं गृहीत धरतो, आणि तिचा माग तिथेच तुटतो. स्कॉटलंडमध्ये कायद्याच्या कागदात बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावानं ओळखली जाते. बाप्तिस्म्यात, मृत्युपत्रात, थडग्याच्या दगडावर नवऱ्याच्या नावाखाली तिचं माहेरचं नावच कोरलेलं असतं. सरकारी मृत्युसूचीत विवाहितेची नोंद दोन्ही आडनावांखाली असते. त्यामुळे तुम्ही नवऱ्याच्या नावानं शोधून दमला असाल, तर बाईच्या नावानं शोधा. एकाच गावात एकाच नावाचे चार पुरुष असले, तरी बायकोचं माहेरचं आडनाव त्यांना वेगळं पाडतं.

पहिल्या नावांशी मात्र सैल हातानं वागा. जीन, जेन, जॅनेट आणि जेसी ही एकच बाई असू शकते. इझाबेल आणि एल्स्पेथ, पीटर आणि पॅट्रिक, डोनाल्ड आणि डॅनियल यांचीही अशीच अदलाबदल होते. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं, असा रिवाज होता. पुरावा म्हणून तो कच्चा आहे, पण कुठे शोधायचं हे सुचवायला छान. आडनावही दगडावरची रेघ नव्हे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ मूळचे नुसते ग्रँट. आईच्या बाजूनं ईडनची मालमत्ता आली, तेव्हा त्यांनी डफ जोडलं.

जन्मदाखल्यातूनही काही हाती लागलं नाही, तर चर्चच्या मंडळाच्या कार्यवृत्तांकडे वळा. त्याला कर्क सेशन म्हणतात: पाद्री आणि गावातले वडीलधारे मिळून बनलेलं मंडळ, जे लोकांच्या वागणुकीवर नजर ठेवी. हजारो पुस्तकं २०२१पासून त्याच सरकारी संकेतस्थळावर पानं उलटून बघता येतात. नावांची सूची नाही, त्यामुळे चिकाटी लागते. पण जे सापडतं ते जिवंत असतं. एखादं प्रकरण साधारण असं चालतं: एका मोलकरणीला दिवस गेल्याची कुणकुण लागते, मंडळ तिला बोलावतं, बापाचं नाव विचारतं. ती म्हणते, माझं लग्न झालंय. पुरावा मागितला जातो. पुढच्या बैठकीला दोघे येतात, एक कागद दाखवतात, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला. मंडळ तो कागद वाचून घेतं, अनियमित लग्नाबद्दल कानउघाडणी करतं, गरिबांसाठी दंड घेतं, आणि शेवटी लिहितं की यांना विवाहित मानावं. झालं, हीच तुमची लग्नाची नोंद. विवाहाच्या रजिस्टरात तिचा मागमूसही नसतो. पहिल्या मुलाच्या जन्माआधीचं वर्ष आणि नंतरचे सहा महिने एवढंच आधी वाचा, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच उपटतात. १८४०च्या दशकापर्यंत ही शिस्त शहरांत ढिली पडली होती, पण गावाकडच्या पॅरिशमध्ये तग धरून होती.

कुटुंब बरं खाऊनपिऊन असेल तर लग्नाचा करारही असू शकतो. मुलीकडून नवऱ्याला मिळणारा टोकर, म्हणजे हुंडा, आणि विधवा झाल्यास तिची सोय, हे त्यात लिहिलेलं असे. असे करार एडिनबराच्या दस्तनोंदणीच्या पुस्तकांत सापडतात. फिटरच्या घरी याची आशा कमी, म्हणून त्यात वेळ घालवू नका.

१८५५ नंतरचं एखादं लग्न मिळालं तर दाखला वाचताना दोन गोष्टी बघा. लग्नाचं ठिकाण म्हणून घराचा पत्ता दिसला तर दचकू नका. प्रेस्बिटेरियन, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंड आणि त्यातून फुटलेल्या पंथांची, लग्नं तेव्हा चर्चमध्ये नाही, नवरीच्या घरी किंवा पाद्र्याच्या घरी लागत. तो पत्ता म्हणजे अनेकदा तुमच्या खापरपणजीचं माहेर. दुसरं, पाद्र्याच्या सहीच्या जागी शेरिफचं वॉरंट लिहिलेलं दिसेल. स्कॉटलंडचा शेरिफ मुंबईच्या नगरपालासारखा मानाचा धनी नव्हे, तो न्यायाधीश. दोन साक्षीदारांसमोर एकमेकांना स्वीकारायचं, मग शेरिफकडे जाऊन हुकूम घ्यायचा आणि रजिस्ट्रारकडे नोंद करायची, हे त्या काळचं नोंदणी लग्न. ग्लासगोत पुढे अशी लग्नं खूप झाली. त्यात लपवाछपवी काहीच नाही.

हँडफास्टिंगबद्दलही तुम्ही विचारलंय, की दोघे एक वर्ष आणि एक दिवस 'चाचणी लग्न' करून राहत आणि मग वेगळे होत. पर्यटकांना सांगायला ही गोष्ट गोड आहे, पण हँडफास्टिंग म्हणजे मुळात हातात हात देऊन केलेला वाङ्निश्चय. तुमच्या जोडप्याच्या १८४०च्या दशकातल्या नोंदी समजून घ्यायला त्याचा काही उपयोग नाही. मे महिन्याचं मात्र खरं आहे: मेमधलं लग्न अशुभ मानत, त्यामुळे त्या महिन्यात नोंदी कमी आणि जूनमध्ये जास्त दिसतात. वर्षाच्या शेवटच्या दिवशीही पुष्कळ लग्नं लागत.

मुंबईकडची बाजूही हाताशी ठेवा. फोर्टमधलं सेंट अँड्र्यूज चर्च, ज्याला स्कॉट्स कर्क म्हणत, १८१९चं. हिंदुस्थानात स्कॉटिश पाद्र्यांनी लावलेली लग्नं वैध आहेत हे सांगणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधली एन/३ ही मालिका मुंबईची, आणि फाइंड माय पास्ट या संकेतस्थळावर ती बघता येते. पणजोबांचं लग्न मुंबईत झालं असेल तर तिथे दोघांच्या वडिलांची नावं मिळतील, आईची नाही. म्हणूनच स्कॉटलंडकडचे दाखले काढल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि फिटरसारखा माणूस नोकरीच्या मधल्या रजेत गावी जाऊन लग्न करून आलेला असू शकतो, तेव्हा १८७० ते १८८५ या वर्षांत फाइफमध्ये त्याच्या नावाचं लग्न आहे का तेही पाहून घ्या. ते मिळालं तर त्या एका दाखल्यावर दोघांच्याही आईंची माहेरची आडनावं असतील.

बाप्तिस्म्याचं मूळ पान काढलंत की त्यातला बापाचा धंदा आणि साक्षीदारांची नावं इथे लिहा, आणि १८५१च्या जनगणनेत त्या कुटुंबाच्या घरी कोण कोण होतं तेही. साक्षीदाराचं आडनाव आईच्या माहेरच्या आडनावाशी जुळलं, तर पुढची पॅरिश कुठली बघायची ते लगेच सांगता येईल.